जुनी अमेरिकन सचित्र पाकिटं, जाहिरातीची आणि प्रचाराची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तिकिटं जमवणारा माणूस बऱ्याचदा वाट चुकून पाकिटांकडे येतो आणि मग तिकडेच रमतो. अशा मंडळींकडून येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण विषयच तसा आहे. इथे ‘पाकीट’ म्हणजे पत्राचं पाकीट, ज्याला संग्राहक ‘कव्हर’ म्हणतात.

या प्रकारात नेमकं काय काय येतं?

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत छापलेली अशी पाकिटं, ज्यांच्या दर्शनी बाजूवर पत्ता आणि तिकिटाखेरीज एखादं चित्र, घोषणा किंवा जाहिरात आहे. ढोबळमानाने दोन घराणी धरा. एक व्यापाऱ्यांचं: हॉटेलं, शेगड्या, बंदुका, बियाणं, औषधी काढे, शेतीची अवजारं, सायकली. दुसरं मतप्रचाराचं: निवडणुका, दारूबंदी, गुलामगिरीला विरोध, स्वस्त टपालाची मागणी, आणि सगळ्यात मोठा ढीग यादवी युद्धाचा, म्हणजे उत्तरेकडची राज्यं आणि देशातून फुटून निघालेली दक्षिणेकडची राज्यं यांच्यातल्या लढाईचा (१८६१ ते १८६५). युद्धाच्या पाकिटांना संग्राहक ‘पॅट्रिऑटिक’ म्हणतात. डाव्या कोपऱ्यात फक्त दुकानाचं नाव-गाव छापलेलं असेल तर ते ‘कॉर्नर कार्ड’. चित्र पूर्ण पाकीटभर पसरलेलं असेल तर ‘ऑलओव्हर’, आणि याला भाव जास्त.

१८४५ च्या आधीची सचित्र पाकिटं का दिसत नाहीत?

कारण तेव्हा पाकीट वापरणं म्हणजे पैसे वाया घालवणं होतं. टपालखर्च कागदाच्या तावांवर आणि अंतरावर ठरायचा. पत्राभोवती पाकीट गुंडाळलं की तो दुसरा ताव धरला जाई आणि खर्च दुप्पट होई. म्हणून लोक पत्राचाच कागद घडी घालून, लाखेने बंद करून, पाठीवर पत्ता लिहून पाठवत. १ जुलै १८४५ पासून दर वजनावर आले: अर्ध्या औंसाला ३०० मैलांपर्यंत ५ सेंट, त्यापुढे १० सेंट. आता पाकिटाचा वेगळा भुर्दंड उरला नाही. १८४७ मध्ये पहिली राष्ट्रीय तिकिटं आली, १८५१ मध्ये आगाऊ पैसे भरलेल्या पत्राचा दर ३ सेंटवर उतरला (३,००० मैलांपर्यंत), आणि १८५३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या डॉ. रसेल हॉज यांनी पाकिटं घडवणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. पत्रं स्वस्त झाली, पाकिटं स्वस्त झाली, आणि पाकिटाच्या दर्शनी बाजूवर बरीच मोकळी जागा दिसू लागली. छापखानेवाल्यांनी ती मोकळी ठेवली असती तरच नवल.

यादवी युद्धात एवढी पाकिटं छापायचं कारण काय?

१२ एप्रिल १८६१ ला दक्षिण कॅरोलिनातल्या फोर्ट सम्टरवर तोफा डागल्या गेल्या आणि उत्तरेत झेंड्याची लाट आली. छापखान्यांकडे लाकडी ठसे होते, लाल-निळी शाई होती आणि गिऱ्हाईक दारात होतं. न्यूयॉर्कचे चार्ल्स मॅग्नस, फिलाडेल्फियाचे सॅम्युअल उपहॅम, सिनसिनाटीची ममफर्ड कंपनी अशा अनेकांनी हजारो वेगवेगळे नमुने बाजारात आणले. झेंडा, गरुड, अमेरिकेचं प्रतीक असलेली कोलंबिया देवी, सेनापती विन्फिल्ड स्कॉट, फासावर लटकणारा दक्षिणेचा अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस. यातला उपहॅम फार हुशार गडी. दक्षिणेच्या चलनी नोटांच्या नकला छापून ‘युद्धाची आठवण’ म्हणून विकणारा तोच.

यातला बराचसा माल टपालात पडलाच नाही. लोक त्याच काळात ही पाकिटं खास अल्बमांत चिकटवून जमवत होते आणि छापणारे हे ओळखून होते. म्हणजे १८६१ मध्येच यांचे संग्राहक तयार झाले होते. १८६२ नंतर मात्र हा उत्साह ओसरला. घरोघर मृत्यूच्या बातम्या येऊ लागल्यावर फासावरच्या डेव्हिसची गंमत कोणाला राहणार?

मग कोरं पाकीट घ्यावं की टपालातून गेलेलं?

दोन्ही घ्यावीत, पण दोन्ही एकच वस्तू आहेत असं समजू नये. या छंदातला खरा प्रश्न हाच आहे.

कोरं पाकीट म्हणजे छापील चित्र. ते सांगतं की छापणाऱ्याला काय विकलं जाईल असं वाटलं. टपालातून गेलेलं पाकीट सांगतं की कोणीतरी ते विकत घेतलं, त्यावर स्वतःच्या हाताने पत्ता लिहिला आणि ते विशिष्ट गावातून विशिष्ट माणसाकडे गेलं. ओहायोतल्या शेतकऱ्याच्या मुलीने भावाला लिहिताना लाल-पांढऱ्या-निळ्या ढालीचं पाकीट निवडलं की दोन पैसे वाचवून साधं घेतलं, यातून जे कळतं ते कोऱ्या पाकिटातून कधीच कळणार नाही. म्हणूनच त्याच चित्राच्या वापरलेल्या पाकिटाला कोऱ्याच्या कितीतरी पट भाव मिळतो. आणि म्हणूनच नकली माल इथेच पिकतो, त्याबद्दल पुढे.

माझं मत विचाराल तर चित्र शिकायला कोरी घ्या, इतिहास वाचायला वापरलेली. पैसे मोजकेच असतील तर दहा कोऱ्यांऐवजी एक वापरलेलं.

‘सोल्जर्स लेटर’ असं लिहिलेलं पाकीट कमी दर्जाचं का, त्यावर तिकीटच नाही?

उलट आहे. छावणीत तिकिटं मिळत नसत, मिळाली तर घामाने एकमेकांना चिकटत. जुलै १८६१ च्या कायद्याने सैनिकांना तिकिटाशिवाय पत्र पाठवायची मुभा दिली. पाकिटावर ‘सोल्जर्स लेटर’ लिहून अधिकाऱ्याने सही करायची, आणि ३ सेंट घरच्यांनी टपाल घेताना भरायचे. म्हणून अशा पाकिटांवर ‘ड्यू ३’चा ठसा दिसतो. सही, हुद्दा, पलटणीचं नाव हे सगळं पाकिटावरच मिळतं. तिकीट नाही म्हणून विक्रेता स्वस्तात देत असेल तर घासाघीस न करता घ्या.

एल्सवर्थ नावाचा माणूस इतक्या पाकिटांवर का आहे?

कर्नल एल्मर एल्सवर्थ हा लिंकनच्या ओळखीतला तरुण. न्यूयॉर्कच्या अग्निशामक दलातल्या मंडळींची पलटण त्याने उभी केली होती. २४ मे १८६१ ला उत्तरेचं सैन्य पोटोमॅक ओलांडून व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियात शिरलं. तिथल्या मार्शल हाउस या खानावळीवर दक्षिणेचा झेंडा फडकत होता. एल्सवर्थने वर जाऊन तो उतरवला आणि जिन्याने खाली येताना खानावळीचा मालक जेम्स जॅक्सन याने बंदूक झाडून त्याला ठार केलं. एल्सवर्थच्या सोबतच्या ब्राउनेल या शिपायाने लगेच जॅक्सनला मारलं. एल्सवर्थचं शव व्हाइट हाउसमध्ये दर्शनाला ठेवलं होतं.

लढाईला नीट तोंड लागायच्या आतच गेलेला तरुण, रुबाबदार अधिकारी, आणि हातात शत्रूचा झेंडा. छापखान्यांना याहून काय हवं? ‘एल्सवर्थची आठवण ठेवा’ असा मजकूर, त्याचा चेहरा, झेंडा पायदळी तुडवणारी आकृती, जिन्यावरचा प्रसंग असे कितीतरी नमुने निघाले. एकट्या एल्सवर्थवर संग्रह करणारे लोक आहेत. मागणी जास्त असली तरी माल पुष्कळ छापला गेला होता, त्यामुळे कोरी एल्सवर्थ पाकिटं अजूनही आवाक्यात आहेत.

दक्षिणेकडची पाकिटं इतकी महाग का?

कमी छापली गेली आणि त्याहून कमी उरली. कागदाच्या गिरण्या, छापखाने, शाई हे सगळं मुख्यतः उत्तरेत होतं, वर समुद्राकडून नाकेबंदी. दक्षिणेचं स्वतंत्र टपाल खातं १ जून १८६१ ला जॉन रीगन यांच्या हाताखाली सुरू झालं. लवकरच कागदाचा असा दुष्काळ पडला की लोक आलेलं पाकीट उलगडून, आतली बाजू बाहेर करून पुन्हा वापरू लागले. भिंतीवर लावायच्या फुलाफुलांच्या कागदाची, जुन्या हिशेबाच्या पानांची पाकिटं शिवली गेली. ती छापील नसली तरी एका अर्थाने त्या काळाची सगळ्यात बोलकी सचित्र पाकिटं तीच.

छापील पाकिटांवरच्या दक्षिणेच्या झेंड्यातले तारे मोजा. मार्च १८६१ मध्ये ७ होते, राज्यं सामील होत गेली तसे वाढत १३ वर पोहोचले. यावरून पाकीट कधी छापलं असेल याचा अंदाज येतो. उत्तरेच्या झेंड्याला ही युक्ती लागू पडत नाही. तिथे छापणारे जागा उरेल तितके तारे भरत.

लिंकनच्या पाकिटावर त्याला दाढी नाही. नकली आहे का?

दाढी नसणं चांगलं लक्षण आहे. १८६० च्या निवडणुकीपर्यंत लिंकन सफाचट असे, दाढी त्याने निवडून आल्यावर वाढवली. त्यामुळे बिनदाढीचा चेहरा, आसपास लाकडी कुंपण आणि फाडलेले ओंडके असं चित्र १८६० च्या प्रचारातलं असू शकतं. जुनेच ठसे वापरून १८६१ मध्येही काहींनी बिनदाढीचा लिंकन छापला, हे लक्षात ठेवा. त्या निवडणुकीत डग्लस, ब्रेकिनरिज आणि बेल हे तिघे विरोधात होते, त्यांचीही पाकिटं निघाली. हरलेल्या उमेदवारांची पाकिटं पुढे कोणी वापरावीत? त्यामुळे टपालातून गेलेलं बेलचं पाकीट दिसलं तर थांबून पाहा.

१८६४ चा लिंकन दाढीवाला आणि समोर मॅक्लेलन. निवडणुकीच्या पाकिटांची सुरुवात मात्र याआधीची आहे, १८५६ च्या फ्रेमाँटच्या प्रचाराची पाकिटं चांगली प्रसिद्ध आहेत.

जाहिरातीची पाकिटं युद्धाच्या पाकिटांपेक्षा कंटाळवाणी असतात का?

हा प्रश्न विचारणाऱ्याने बहुधा एकही नीट पाहिलेलं नसतं. माझ्याकडचं एक साधं पाकीट घ्या. भाव म्हणाल तर दोन माणसांच्या जेवणाइतका. डाव्या अर्ध्या भागात बिडाच्या शेगडीचं कोरीव चित्र आहे, इतकं बारीक की झाकणावरच्या वेलबुट्टीतली पानं मोजता येतात. खाली ट्रॉय, न्यूयॉर्क. हे आणि शेजारचं ऑल्बनी म्हणजे त्या काळी शेगड्यांची राजधानी, हडसन नदी आणि ईरी कालवा दोन्ही हाताशी असल्यामुळे माल कुठेही पाठवता यायचा. उजवीकडे ३ सेंटचं हिरवं तिकीट, त्यावर बुचाच्या ठशाने उमटवलेला काळा डाग, शेजारी गावाचा गोल शिक्का. शिक्क्यात महिना आणि तारीख आहे, वर्ष नाही. पत्ता व्हर्माँटमधल्या एका लोखंडी सामानाच्या दुकानाचा. आणि डाव्या कडेला, आडव्या पाकिटावर उभ्या ओळीत, दुकानदाराने उत्तर दिल्याची तारीख शाईने टिपली आहे, वर्षासकट: १८७८. पाकीट उलटं केलं तर पाठीवर शेगड्यांच्या आकारांची यादी. म्हणजे टपालवाल्यापासून नोकरापर्यंत ज्याच्या हातात ते पडलं, त्या प्रत्येकाला जाहिरात वाचायला लागली.

व्यापारी पाकिटांत तंत्राची विविधताही अधिक. १८५० आणि ६० च्या दशकांत रंगीत जमिनीवर पांढरी अक्षरं उठावात दाबलेली ‘कॅमिओ’ पाकिटं निघाली, ती तिरप्या उजेडात पाहावीत. नंतर दगडी छपाईने रंग आणले. हॉटेलांनी आपल्या इमारती छापल्या, त्याही बहुधा होत्या त्यापेक्षा एक-दोन मजले भारदस्त दाखवून आणि दारासमोर खऱ्यापेक्षा जास्त बग्ग्या उभ्या करून. बंदुका आणि काडतुसांच्या कंपन्यांच्या शिकारीच्या रंगीत चित्रांना सगळ्यात चढे भाव आहेत. शिकारीच्या वस्तू जमवणारेही त्यांच्या मागे असतात, त्यामुळे लिलावात पाकिटं जमवणाऱ्यांचं फारसं चालत नाही.

एक बारकावा: १८७० आणि ८० च्या दशकांतल्या जाहिरातीच्या पाकिटावर १ सेंटचं तिकीट असेल आणि झाकण कधी चिकटवलेलंच नसेल, तर आत बहुतेक वेळा छापील पत्रक होतं. उघड्या पाकिटातल्या छापील मजकुराला हा सवलतीचा दर होता.

वर्ष नसेल तर पाकीट कधीचं हे कसं ओळखायचं?

तिकिटाच्या रंगावरून पहिला अंदाज बांधा. पत्राच्या साध्या दराची तिकिटं अशी बदलली:

१८५१ पासून ३ सेंटचं तांबूस वॉशिंग्टन, कडा कात्रीने कापलेल्या. १८५७ पासून तेच, पण दातेरी कडांचं. ऑगस्ट १८६१ पासून गुलाबी. १८६९ मध्ये निळं, त्यावर रेल्वेचं इंजिन. १८७० पासून हिरवं. १ ऑक्टोबर १८८३ ला दर २ सेंटवर आला आणि तिकीट तपकिरी-लाल झालं, १८८७ मध्ये पुन्हा हिरवं, १८९० पासून लाल. १८९३ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनानिमित्त कोलंबस किनाऱ्यावर उतरतानाचं जांभळट मोठं तिकीट.

मग चित्राचा विषय पाहा. एल्सवर्थच्या मृत्यूचं पाकीट २४ मे १८६१ च्या आधीचं असूच शकत नाही. फिलाडेल्फियातल्या शतसांवत्सरिक प्रदर्शनाची पाकिटं १८७६ ची. त्याच वर्षी टपाल खात्याने स्वतःही घोडेस्वार आणि आगगाडी असलेलं छापील तिकिटाचं पाकीट काढलं. ‘मेन’ ही युद्धनौका हवानाच्या बंदरात १५ फेब्रुवारी १८९८ ला बुडाली. त्यानंतर स्पेनशी युद्ध पेटलं आणि झेंड्यांची पाकिटं दुसऱ्यांदा बाजारात आली. या वेळी शिक्के अनेकदा यंत्राचे, लांब लहरी रेषांचे किंवा झेंड्याच्या आकाराचे.

आणि पाकिटाच्या कडेवरच्या शाईच्या टिपा कधी पुसू नका. वर दिलेल्या शेगडीच्या पाकिटाचं वर्ष तिथूनच कळलं.

ब्रिटनमध्ये छापलेली प्रचारपाकिटं या संग्रहात बसतात का?

काही बसतात, कारण माणूस अमेरिकन होता. कनेटिकटचा एलिहू बरिट, धंद्याने लोहार, भट्टीशेजारी बसून भाषा शिकलेला. १८४० च्या दशकाच्या अखेरीस त्याने इंग्लंडमध्ये राहून ‘समुद्रापार टपाल एका पेनीत’ अशी मोहीम चालवली. परदेशी गेलेल्या गरीब माणसाला घरी पत्र लिहिणं परवडलं तर देशादेशांत भांडणं कमी होतील, असं त्याचं म्हणणं. त्या मोहिमेची सुंदर पाकिटं निघाली: जहाजं, हातात हात घेतलेली माणसं, पत्रं घेऊन उडणारे पक्षी. डंडीच्या जेम्स व्हॅलेंटाइनने याच सुमारास शांतता, दारूबंदी, गुलामगिरीविरोध या विषयांवर कोरीव पाकिटं काढली. अमेरिकेतून किंवा अमेरिकेकडे गेलेलं यातलं एखादं पाकीट दोन्ही देशांच्या संग्राहकांना हवं असतं, किंमतही तशीच.

काही चित्रं कृष्णवर्णीयांची टिंगल करणारी आहेत. ती जमवावीत का?

मे १८६१ मध्ये व्हर्जिनियातल्या फोर्ट मन्रोवर तीन गुलाम पळून आले. जनरल बेंजामिन बटलर यांनी ते ‘युद्धात जप्त झालेला माल’ आहेत असं सांगून परत द्यायला नकार दिला. हजारो माणसांच्या सुटकेची वाट यातून उघडली. पण छापखान्यांनी त्याच घटनेवर जाड ओठांची, फाटक्या कपड्यांतली, नाचणारी व्यंगचित्रं काढली. आणि हे उत्तरेत, ज्या बाजूच्या विजयाने पुढे गुलामगिरी संपली तिथे. १८८० च्या दशकातल्या साबण आणि लाँड्रीच्या जाहिरातींत चिनी लोकांची तीच गत.

माझ्या मते ती जमवावीत, पण चेष्टेचा माल म्हणून मांडू नयेत. प्रदर्शनात लावलंत तर शेजारी घटना, तारीख आणि चित्र कोणाच्या बाजूने बोलतंय हे लिहा. ही पाकिटं वगळून केलेला युद्धाचा संग्रह देखणा दिसतो, खरा नसतो.

नकली पाकीट कसं ओळखायचं?

सगळ्यात सोपी बनवाबनवी अशी: खरं, जुनं, कोरं पाकीट घ्यायचं, त्यावर खरंच जुनं तिकीट चिकटवायचं, जुन्या वळणाने पत्ता लिहायचा आणि नकली शिक्का मारायचा. कागद खरा, तिकीट खरं, फक्त प्रवास खोटा. म्हणून तपासही प्रवासाचाच करायचा.

तारखा जुळतात का ते आधी पाहा. गुलाबी ३ सेंटचं तिकीट ऑगस्ट १८६१ च्या आधी नव्हतं, त्यामुळे ते लावलेलं मे महिन्यातलं १८६१ चं पाकीट बनावटच. याच्या उलटही बघा. दक्षिणेकडे राहिलेल्या साठ्याचा उपयोग होऊ नये म्हणून उत्तरेने १८६१ च्या ऑगस्टपासून टप्प्याटप्प्याने जुनी तिकिटं रद्द केली. त्यामुळे १८६३ च्या पाकिटावर १८५७ चं तिकीट असेल तर त्याचं काहीतरी स्पष्टीकरण पाकिटावर असायला हवं. दक्षिणेच्या सरकारचं पहिलं छापील तिकीट ऑक्टोबर १८६१ चं आहे. जूनच्या पाकिटावर ते येईल कुठून?

मग शिक्का तिकिटावरून पाकिटाच्या कागदावर सलग उतरतो का ते भिंगाने पाहा. याला ‘टाय होणं’ म्हणतात. तिकिटाच्या कडेपाशी शाईची रेघ तुटून थोडी सरकलेली दिसली, किंवा तिकिटाखाली आधीच्या गोंदाचा वेगळ्या आकाराचा डाग डोकावत असला, तर मूळ तिकीट दुसरं होतं. पत्त्याची शाई जुन्या घडीच्या तड्यात पसरली असेल तर घडी आधीची आणि लेखन नंतरचं.

अल्ट्राव्हायोलेट दिवाही स्वस्तात मिळतो. कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात चकाकी आणणारी रसायनं आहेत आणि तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला आहे. न चमकला म्हणून मात्र खरा ठरत नाही. दक्षिणेच्या पाकिटांच्या बाबतीत तर सर्टिफिकेटशिवाय मोठी रक्कम मोजूच नका.

सर्टिफिकेट कोण देतं?

न्यूयॉर्कचं फिलाटेलिक फाउंडेशन, आणि पेनसिल्व्हेनियातल्या बेलफाँटची अमेरिकन फिलाटेलिक सोसायटी. शक्य असेल तर पाकीट अमेरिकेत असतानाच विक्रेत्याकडून तपासून घ्या. इथे आणल्यावर पुन्हा तिकडे पाठवणं कटकटीचं होतं: आपल्याकडच्या १९७२ च्या कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तू देशाबाहेर पाठवण्यावर निर्बंध आहेत. वस्तू परदेशातून आली हे दाखवणारी पावती आणि कस्टम्सचे कागद पाकिटाइतकेच जपून ठेवा. विक्रेत्याने खोक्यावर कमी किंमत लिहायची तयारी दाखवली तर नको म्हणा. वाटेत हरवलं तर भरपाईही तेवढीच मिळते.

लिलावाच्या यादीत ‘वॉलकॉट’ असा आकडा असतो तो काय?

जॉर्ज वॉलकॉट यांच्या संग्रहाचा १९३४ मध्ये लिलाव झाला. त्याच्या यादीतले क्रमांक युद्धाची पाकिटं ओळखायला पुढे वापरात राहिले. नंतरच्या वाइस यांच्या यादीचेही क्रमांक दिसतात. आकडा असला म्हणजे वस्तू मौल्यवान असं नाही, फक्त नमुना ओळखलेला आहे.

विकत न घेता पाहायला कुठे मिळतील?

वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने युद्धाची पुष्कळ पाकिटं स्कॅन करून खुली ठेवली आहेत. वूस्टरची अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी आणि कॅलिफोर्नियातलं हंटिंग्टन ग्रंथालय यांचे संग्रहही उत्तम. न्यूयॉर्कच्या सीगल लिलावगृहाचे जुने लिलाव चित्रं आणि विक्रीच्या किमतींसकट चाळता येतात. पहिली खरेदी करण्याआधी तिथे बसून भावांचा अंदाज घ्या. अमेरिकेत राहणाऱ्यांनी वॉशिंग्टनला गेल्यावर स्मिथसोनियनचं टपाल संग्रहालय चुकवू नये.

पाकिटावरचं तिकीट पाण्यात भिजवून काढलं तर दोन्ही स्वतंत्र विकता येतील का?

नाही, नाही आणि नाही. १८६१ चं गुलाबी ३ सेंट सुटं असताना अगदी किरकोळ. पाकिटावर त्याच्याच साक्षीने सगळी किंमत उभी असते. शिवाय मॅग्नसच्या पाकिटांसारखे हाताने भरलेले रंग पाण्याने वाहून जातात. मागच्या पिढ्यांनी याच पद्धतीने असंख्य पाकिटांची वाट लावली आहे.

मुंबई-कोकणच्या हवेत जपायची कशी?

पावसाळा हा खरा शत्रू. जुलैमध्ये बंद कपाटात ठेवलेल्या पाकिटावर पंधरवड्यात बुरशीचे ठिपके येऊ शकतात आणि झाकणावरचा जुना गोंद ओल धरून आपोआप चिकटतो. प्रत्येक पाकीट पॉलिएस्टरच्या पारदर्शक कव्हरात ठेवा. बाजारातली मऊ, वास येणारी पीव्हीसीची कव्हरं नकोत. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या वेळेवर बदला. कसर लागू नये म्हणून डबा भिंतीपासून आणि जमिनीपासून दूर, आणि उघडीप मिळाली की पाकिटं काढून चाळायची. डांबरगोळ्या पाकिटाला लागून ठेवू नका. फाटलेल्या कडेला सेलोटेप लावलात तर काही वर्षांत तिथे तपकिरी पट्टा उमटेल. लॅमिनेशनबद्दल बोलायलाच नको. नोंद करायची तर कव्हराच्या बाहेर चिठ्ठीवर.

या विषयाचा आपल्याकडे काही धागा आहे का?

आहे, दोन तरी. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरला आले. बॉस्टनच्या मिशनरी हाउसशी त्यांचा पत्रव्यवहार अनेक दशकं चालला. परदेशी टपालाचा दर वजनावर फार चढा असल्याने ही पत्रं बहुधा पातळ कागदावर, बिनचित्राची असत. त्यामुळे युद्धाच्या झेंड्याचं एखादं पाकीट नगरला पोहोचलेलं कोणाला सापडलं तर ती मोठीच बातमी ठरेल. मिशनशी संबंधित जुन्या घरांतले कागद रद्दीत जाण्याआधी एकदा बघायला हरकत नाही.

दुसरा धागा कापसाचा. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. प्रेमचंद रायचंद यांच्या काळातली ती सट्ट्याची धुंदी १८६५ मध्ये युद्ध संपताच कोसळली. फासावरच्या डेव्हिसचं पाकीट आणि त्या वर्षांतलं मुंबईतल्या कापूस व्यापाऱ्याचं पाकीट शेजारी लावलं तर एकाच युद्धाची दोन टोकं दिसतात. मुंबईचं पाकीट साधंच असेल, पण असा संग्रह इथे बसून जास्त चांगला करता येईल.

सुरुवात कशापासून करू?

एकच धागा पकडा. एक गाव, एक धंदा किंवा एक वर्ष. ‘सगळी युद्धाची पाकिटं’ ठरवलंत तर पैसे संपतील, विषय नाही. शेगड्या, बियाणं, हॉटेलं यांची १८७० ते १८९० ची वापरलेली पाकिटं अजून रास्त किमतीत मिळतात आणि त्यात नकली माल कमी, कारण खोटं करून कोणाला फारसा फायदा नाही. आत मूळ पत्र असेल तर थोडे जास्त पैसे पडले तरी चालतील. पत्र आणि पाकीट एकाच पारदर्शक कव्हरात, पण पत्र पाकिटातून काढून उलगडलेलं ठेवा. कागद जुन्या घडीवरच आधी तुटतो.